जर्मनीत नवीन संसार मांडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळची पुण्याची. गेली अकरा वर्षं स्टुटगार्टजवळ राहते. मुंबई आणि स्टुटगार्ट ही १९६८ पासून भगिनी शहरं आहेत. चाकण-पिंपरीच्या गाड्यांच्या धंद्यामुळे आता इथे जवळजवळ प्रत्येक वसाहतीत एखादं मराठी घर सापडतं. नवीन आलेली मंडळी फोन करतात, मेसेज करतात, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. रात्री अकराला रडवेल्या आवाजात आलेले फोनही मी घेतले आहेत. म्हणून उत्तरं एकदाची नीट लिहून ठेवली. कुठलाही प्रश्न सुटा वाचता येईल. जिथे दुसऱ्या उत्तराचा संबंध येतो तिथे क्रमांक दिला आहे. रकमा २०२६ च्या सुरुवातीच्या आहेत.

१. ताई, परवाच पोहोचलो. सगळ्यात आधी काय करू?

दोन कामं. दाराच्या घंटीवर आणि पत्रपेटीवर स्वतःचं आडनाव लावा, आणि ब्युर्गरआम्टमध्ये, म्हणजे नगरपालिकेच्या नागरी कचेरीत, पत्त्याची नोंद करा. या नोंदीला आन्मेल्डुंग म्हणतात. घरात राहायला गेल्यापासून १४ दिवसांत ती करायची असते. पासपोर्ट, भरलेला फॉर्म आणि घरमालकाच्या सहीचा एक कागद लागतो. त्या कागदाचं नाव लांबलचक आहे, वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. भाडेकरार दाखवून भागत नाही. हा कागद देणं घरमालकावर कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे तो मागताना अजिबात संकोच करू नका.

ही नोंद झाली की पुढची कामं हलतात. ११ आकडी कर क्रमांक पोस्टाने घरी येतो. बँक, आरोग्य विमा, मुलांची शाळा, व्हिसाची मुदतवाढ, सगळीकडे नोंदीचा दाखला मागतात. तो प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घाला आणि त्याचे दोन फोटो काढून ठेवा.

२. ब्युर्गरआम्टची वेळ पाच आठवड्यांनंतरची मिळतेय. दंड होईल का?

मोठ्या शहरांत हे रोजचंच आहे. कायद्यात दंडाची तरतूद १,००० युरोंपर्यंत आहे, पण तुम्ही मुदतीत वेळ मागितली होती हे दाखवता आलं तर सहसा कोणी अडवत नाही. मिळेल ती पहिली टेर्मीन, म्हणजे भेटीची वेळ, घ्या आणि तिची ईमेल जपून ठेवा. मग रोज सकाळी कचेरी उघडायच्या सुमारास संकेतस्थळ पुन्हा बघा. कोणी वेळ रद्द केली असेल तर ती तेव्हा दिसते. शहराच्या दुसऱ्या भागातल्या कचेरीतही नोंद चालत असेल, तर थोडा प्रवास करायला हरकत नाही.

तात्पुरत्या जागेचा मालक "इथे नोंद करता येणार नाही" असं म्हणाला, तर ती जागा शक्यतो घेऊ नका. स्वस्त पडते खरी, पण पहिल्या उत्तरातली सगळी साखळी तिथेच अडकते.

३. बँकेचं कार्ड पाठवलं म्हणतात, मला मिळालंच नाही. पत्रं जातात कुठे?

पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो. आपल्याकडे "जोशींचं घर कुठलं?" असं शेजारी विचारून पत्र पोहोचवतात. इथे घरांना फ्लॅट क्रमांक सहसा नसतोच, एका इमारतीतली दहा-बारा घरं फक्त आडनावावरून ओळखली जातात.

आमच्या पहिल्या घराच्या पेटीवर करड्या रंगाची, बोटभर रुंदीची पट्टी होती. तिच्यावर आधीच्या भाडेकरूचं नाव होतं. मी पांढऱ्या कागदावर नवऱ्याचं आडनाव लिहून सेलोटेपने चिकटवलं आणि निश्चिंत झाले. माझ्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव आहे, हे लक्षातच आलं नाही. माझं विम्याचं कार्ड, बँकेचा पिन आणि कर क्रमांकाचं पत्र, तिन्ही परत गेली. दीड महिना मी बँकेला दोष देत होते. शेवटी तळमजल्यावरच्या आजींनी मला हाताला धरून पेटीपाशी नेलं आणि त्या पट्टीवर बोट ठेवलं.

म्हणून घरातल्या प्रत्येकाचं, पासपोर्टवर आहे तसंच, आडनाव पेटीवर लावा. आपल्या पासपोर्टमध्ये पहिल्या नावाला जोडून वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव येतं, आणि इथल्या कचेऱ्या ते सगळं मिळून पहिलं नाव धरतात. ते तसंच राहू द्या. फक्त सगळीकडे एकाच पद्धतीने लिहा. बँकेत एक, विम्यात दुसरं असं झालं की पुढे प्रत्येक ठिकाणी खुलासे करत बसावं लागतं.

४. जर्मनमध्ये जाडजूड पत्र आलंय. सावकाश बघितलं तर चालेल ना?

नाही चालणार. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी निम्म्याहून अधिक न उघडलेल्या पाकिटातून सुरू झालेल्या असतात. इथे फोन करून आठवण देण्याची पद्धत जवळजवळ नाही. पत्र आलं म्हणजे तुम्हाला कळलं, असं धरलं जातं आणि त्या दिवसापासून मुदत मोजली जाते.

पाकीट त्याच दिवशी उघडा. फोनच्या भाषांतर ॲपने फोटो काढून वाचा. तीन गोष्टी शोधा: पाठवणारा कोण, "फ्रिस्ट" म्हणजे मुदत कुठली, आणि "आक्टेनत्साइखेन" म्हणजे तुमच्या प्रकरणाचा क्रमांक. उत्तर देताना हा क्रमांक वर लिहिलाच पाहिजे. "माहनुंग" हा शब्द दिसला तर पैसे थकले आहेत असं समजा. "विडरश्पृख" दिसला तर निर्णयाविरुद्ध हरकत घ्यायचा तुम्हाला हक्क आहे आणि त्यासाठी बहुतेक वेळा एक महिना असतो.

सगळ्यात जास्त घाबरवणारं पत्र येतं ते रेडिओ-टीव्हीच्या शुल्काचं. ते खरं असतं, फसवणूक नसते. दर घरामागे महिना १८.३६ युरो, घरात टीव्ही असो वा नसो. शुल्क माणशी नाही, घरामागे आहे, त्यामुळे एका घरात चौघं जण मिळून राहत असतील तर एकाने भरायचं आणि बाकीच्या तिघांनी त्याचा क्रमांक कळवायचा. दुर्लक्ष केलं तर मागची सगळी थकबाकी एकदम मागतात.

५. ऐंशी घरांना अर्ज केले, एकाचंही उत्तर नाही. आपल्याला मुद्दाम डावलतात का?

कधीकधी आडनाव बघून डावलतात, हे मी नाकारणार नाही. पण ऐंशीपैकी बहुतेक ठिकाणी तुमचा अर्ज कोणी वाचलेलाच नसतो. मोठ्या शहरात एका घराला पहिल्या दिवशी शेकड्याने अर्ज येतात.

अर्जाबरोबर सगळे कागद एकाच पीडीएफमध्ये जोडा: शेवटच्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या, नोकरीचा करार, पासपोर्ट, आणि शूफा, म्हणजे तुमची आर्थिक पत दाखवणारा दाखला. नुकतेच आला असाल तर शूफात काहीच नसतं. तेव्हा कंपनीचं पत्र आणि आधीच्या घरमालकाची "भाडं थकलेलं नाही" अशी दोन ओळींची चिठ्ठी जोडा. सुरुवातीला जर्मनमध्ये चार वाक्यं लिहा: कोण आहात, किती जण, काय काम, कधीपासून हवं. फोनवर कितीही मोडकं बोलता येत असलं तरी बोला. मला वाटतं, फोन करणाऱ्याला घर बघायला बोलावण्याची शक्यता जास्त असते.

जाहिरातीतलं काल्टमीटे म्हणजे नुसतं भाडं. वार्ममीटेमध्ये गरम पाणी, हीटिंग, कचरा वगैरे धरलेलं असतं, पण घरातली वीज आणि इंटरनेट बहुतेक वेळा वेगळं. डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमीटेइतकं घेता येतं, आणि ते तीन हप्त्यांत द्यायचा हक्क कायद्याने दिलेला आहे.

घर न दाखवता आधी पैसे मागणारा कितीही गोड बोलला तरी एक पैसा पाठवू नका. "मी सध्या परदेशात आहे, किल्ली कुरियरने पाठवतो" या एका वाक्यापायी आपल्या ओळखीतल्या मुलांनी दोन-दोन महिन्यांचं भाडं घालवलं आहे.

६. घर मिळालं, पण आत स्वयंपाकघरच नाही! हे असं कसं?

बऱ्याच घरांत ओटा, शेगडी, सिंक यांतलं काहीच नसतं. भिंतीतून नळाची तोंडं आणि छतातून दिव्याच्या वायरी बाहेर आलेल्या असतात. आधीचा भाडेकरू स्वतःचं स्वयंपाकघर उचलून घेऊन जातो. जाहिरातीत "आइनबाउक्यूखं" असेल तरच ते आहे असं समजा. आधीचा भाडेकरू विकत असेल तर घासाघीस करून घ्या, नव्यापेक्षा बरंच स्वस्त पडतं. विजेची शेगडी स्वतः जोडू नका, त्यासाठी इलेक्ट्रिशियन बोलवा.

भारतातून ॲल्युमिनियमचा कुकर आणणार असाल तर आधी शेगडी कुठली आहे ते विचारा. इंडक्शनवर तो तापत नाही. बुडाला चुंबक चिकटतो का, एवढं बघितलं की कळतं.

७. शेजाऱ्यांनी दारावर चिठ्ठी लावली: सकाळी मिक्सर लावू नका. माझ्याच घरात मी चटणीही वाटायची नाही?

वाटायची, पण वेळ पाळून. रात्री १० ते सकाळी ६ ही शांततेची वेळ, रूहेत्साइट. रविवार आणि सुट्टीचे दिवस पूर्ण दिवस शांततेचे. काही इमारतींच्या नियमांत दुपारचे दोन तासही असतात, ते जिन्यात लावलेले असतात, वाचून घ्या. रविवारी भिंतीत ड्रिल मारणं किंवा काचेच्या बाटल्या डब्यात टाकणं अजिबात नाही.

अशी चिठ्ठी मलाही मिळाली होती. चौकोनी रेघांच्या वहीचा कागद, निळ्या शाईत अगदी रेखीव अक्षर, वर "प्रिय शेजारी" आणि खाली सही. मला भयंकर अपमान वाटला. दोन दिवसांनी मी डब्यात नारळाच्या वड्या घालून त्यांच्या दारात उभी राहिले. त्या बाई रात्रपाळीच्या नर्स होत्या, साडेसहाला येऊन झोपायच्या. मी मिक्सर आदल्या संध्याकाळी लावायला लागले. आमच्या मुलाला जर्मन वाचायला त्यांनीच शिकवलं. चिठ्ठी म्हणजे इथे भांडण नसतं, तोंडावर बोलण्याआधीची सभ्य पायरी असते. चिठ्ठीला उत्तर द्या.

फोडणीचं म्हणाल, तर झाकण हाताशी ठेवा आणि खिडकी सताड उघडा. एकाच खोलीच्या घरात धुराची घंटी डोक्यावरच असते, मिरचीच्या ठसक्याने ती वाजतेच. ती काढून कपाटात ठेवू नका. ती जिवासाठी आहे.

८. दाराच्या मुठीला "केरवोखं" लिहिलेली पाटी अडकवलीय. मी काय करायचं?

हे आमच्या श्वाबेन भागाचं वैशिष्ट्य. पाटी तुमच्या दारावर आली म्हणजे या आठवड्यात जिना झाडण्या-पुसण्याची पाळी तुमची. काही ठिकाणी अंगण, फुटपाथ आणि हिवाळ्यात बर्फ काढणंही त्यात येतं. काम करून पाटी पुढच्या दारावर अडकवा. शनिवारी केलंत तर सगळे बघतात आणि दोन शब्द बोलतात. माझ्या जर्मनची सुरुवात त्या जिन्यातच झाली.

कचऱ्याचे डबे प्रत्येक गावात थोडे वेगळे, म्हणून नगरपालिकेचं पत्रक स्वयंपाकघरात लावा. साधारणपणे कागद वेगळा, प्लास्टिक आणि पत्र्याची वेष्टणं वेगळी, ओला कचरा वेगळा, उरलेलं वेगळं. काच रंगाप्रमाणे सार्वजनिक पेटीत. बाटलीवर परतीची खूण असेल तर ती सुपरमार्केटच्या यंत्रात घाला, एकवापरी प्लास्टिकच्या बाटलीचे २५ सेंट परत मिळतात. तळणीचं तेल सिंकमध्ये ओतू नका.

९. भिंतीला काळी बुरशी आलीय, मालक म्हणतो तुमच्या स्वयंपाकामुळे.

काही वेळा त्याचं म्हणणं खरं असतं, काही वेळा भिंतच ओली असते. इथली घरं थंडीसाठी इतकी घट्ट बांधलेली असतात की वाफ आपोआप बाहेर जात नाही. दिवसातून तीन-चार वेळा सगळ्या खिडक्या पूर्ण उघडून पाच ते दहा मिनिटं वारा खेळू द्या. खिडकी दिवसभर तिरकी ठेवल्याने भिंत फक्त गार पडते. कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका. बुरशी दिसल्या दिवशीच फोटो काढून मालकाला लेखी कळवा. नंतर डिपॉझिटच्या वेळी हाच कागद उपयोगी पडतो (प्रश्न १९).

१०. पोराला ताप आहे आणि डॉक्टर म्हणतात चहा प्या, आराम करा. औषध का देत नाहीत?

विषाणूच्या तापाला अँटिबायोटिक चालत नाही, आणि इथे ते सहजासहजी लिहून देत नाहीत. आपल्याला पहिल्याच दिवशी तीन गोळ्यांची पुडी घेऊन परतायची सवय असते, त्यामुळे डॉक्टरांनी लक्षच दिलं नाही असं वाटतं. तसं नसतं. कुठल्या लक्षणांवर पुन्हा यायचं, हे मात्र स्पष्ट विचारून घ्या. तान्हं बाळ असेल, श्वास लागत असेल, मूल पाणी पीत नसेल किंवा मलूल झालं असेल, तर "चहा प्या" ऐकून गप्प बसू नका.

जवळचा हाउसआर्त्स्ट, म्हणजे घरचा डॉक्टर, तब्येत धडधाकट असतानाच शोधून नाव नोंदवा, आजारी पडल्यावर "नवे रुग्ण घेत नाही" हे ऐकणं फार जड जातं. दवाखाना बंद असताना ११६११७ वर फोन करा. सरकारी विमा असेल तर तज्ज्ञ डॉक्टरांची वेळ मिळवून देण्याची सोयही याच क्रमांकावर आहे. जीव धोक्यात असेल तर ११२.

साधी पॅरासिटामॉलसुद्धा औषधाच्या दुकानातच मिळते, सुपरमार्केटमध्ये नाही. रविवारी आणि रात्री पाळीने एखादं दुकान उघडं असतं, त्याचा पत्ता प्रत्येक दुकानाच्या दारावर लावलेला असतो.

११. आजारी पडले तर रजेचं काय?

पहिल्याच दिवशी, कामाची वेळ सुरू होण्याआधी ऑफिसला कळवा. आजारपण तीन दिवसांपेक्षा लांबलं तर चौथ्या दिवशी डॉक्टरांचा दाखला हवा, काही कंपन्यांच्या करारात तो पहिल्या दिवसापासून मागितलेला असतो. आजारपणाचे दिवस वार्षिक रजेतून कापत नाहीत. ताप असताना लॅपटॉप उघडून बसू नका, इथे त्याचं कोणी कौतुक करत नाही.

१२. जिमचा करार रद्द केला, तरी पैसे कापतायत.

तोंडी सांगितलेलं धरत नाहीत. १ मार्च २०२२ नंतर केलेल्या करारांत पहिली ठरलेली मुदत संपल्यावर एका महिन्याच्या नोटिशीवर बाहेर पडता येतं, पण त्या पहिल्या मुदतीत अडकून राहावंच लागतं. ऑनलाइन करार असेल तर संकेतस्थळावर रद्द करण्याचं बटण ठेवणं कंपनीला सक्तीचं आहे. नोटीस पाठवली की तिची पोच मागा आणि ती जपा. घराचा भाडेकरार मात्र ईमेलने संपत नाही, सहीचा कागदच लागतो.

१३. भारताच्या लायसन्सवर किती दिवस गाडी चालवता येईल?

इथे राहायला आल्यापासून सहा महिने, सोबत भाषांतर किंवा आंतरराष्ट्रीय परवाना ठेवून. सहा महिन्यांनंतर चालवणं हा नुसता दंडाचा मामला राहत नाही, तो फौजदारी गुन्हा होतो. इथलं लायसन्स मिळवायला लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. नवशिक्यांसारखे ठरावीक तास बसण्याची सक्ती नाही, पण चार-सहा शिकवण्या घ्याच. "उजवीकडून येणाऱ्याला आधी" हा नियम आणि सायकलवाल्यासाठी मान वळवून बघणं, या दोन गोष्टींवर वीस वर्षं गाडी चालवलेली आपली माणसं नापास होतात.

१४. पहिल्याच पगारात कर इतका कसा कापला? बायको अजून नागपूरलाच आहे.

दोन कारणं असू शकतात. कर क्रमांक कंपनीकडे वेळेत पोहोचला नसेल तर सहाव्या, सगळ्यात महाग वर्गाने कर कापतात (पगारावरच्या कराचे इथे घरची स्थिती बघून सहा वर्ग असतात). क्रमांक दिल्यावर ते दुरुस्त होतं. दुसरं, जोडीदार युरोपीय संघाबाहेर राहत असेल तर लग्न झालेलं असूनही तुम्ही पहिल्याच वर्गात राहता. तिसरा-पाचवा किंवा चौथा-चौथा वर्ग ती इथे येऊन नोंद झाल्यावर.

एक बारकावा लोकांना माहीत नसतो. ती वर्षअखेरीआधी येऊन इथे राहायला लागली, तर त्या संपूर्ण वर्षाचं विवरणपत्र दोघांना मिळून भरता येतं आणि बऱ्यापैकी पैसे परत येऊ शकतात. तिचं भारतातलं त्या वर्षाचं उत्पन्न मात्र दाखवावं लागतं.

मुलं असतील तर किंडरगेल्डचा, म्हणजे मुलांसाठीच्या सरकारी भत्त्याचा, अर्ज लगेच करा. दर मुलामागे महिना २५९ युरो आहेत, आणि मागची रक्कम फक्त सहा महिन्यांपर्यंतचीच मिळते.

१५. सामानात काय आणू? आई हापूस आणि साजूक तूप देतेय.

आईला वाईट वाटेल, पण दोन्ही नको. युरोपीय संघाबाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ प्रवाशाला आणता येत नाहीत. त्यात तूप, पेढे, बर्फी सगळं आलं. ताजी फळं आणि पानं वनस्पती-आरोग्याच्या दाखल्याशिवाय चालत नाहीत. केळी, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन एवढेच अपवाद. म्हणजे हापूस आणि कढीपत्ताही गेला. गोडा मसाला, कोरडी चटणी, कोकम, मेतकूट, पापड, भाजणी खुशाल आणा.

बाकी इथे मिळतं. तुर्की दुकानात भेंडी, मेथी, कोथिंबिरीच्या घसघशीत जुड्या असतात. ज्वारीचं पीठ भारतीय दुकानात. सुपरमार्केटमधलं ४०५ क्रमांकाचं पीठ म्हणजे मैदा, त्याच्या पोळ्या वातड होतात. आणि क्वार्क नावाचा पदार्थ घ्या, ४० टक्के स्निग्धांशाचा. फडक्यात बांधून रात्रभर टांगला की सकाळी चक्का तयार. माझ्या मुलांना श्रीखंड त्याचंच माहीत आहे.

१६. लग्नाच्या दाखल्यावर मुंबईतून अपोस्टिल करून आणलं, इथे चालणार नाही म्हणतात. का?

अपोस्टिल म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून त्यावर मारलेला सरकारी शिक्का. भारत अपोस्टिल करारात आला तेव्हा जर्मनीने त्याला हरकत घेतली आणि ती अजून कायम आहे. म्हणून इथल्या कचेऱ्या भारतीय कागदांवरचं अपोस्टिल मानायला बांधील नाहीत. गरज पडली तर भारतातल्या जर्मन वकिलातीमार्फत कागदाची प्रत्यक्ष पडताळणी होते, आणि तिला महिने लागतात. कुठल्या कामाला काय लागेल हे त्या कचेरीकडून लेखी विचारून घ्या, मगच एजंटाला पैसे द्या. भाषांतर मात्र शपथबद्ध भाषांतरकाराचंच हवं.

१७. नवरा ऑफिसला जातो. मी दिवसभर एकटी. बीडीएस झालेय, पुण्यात प्रॅक्टिस होती. इथे मी कोणीच नाही असं वाटतं.

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि बहुतेक वेळा बाकीचे दहा प्रश्न विचारून झाल्यावर, "अजून एक विचारू का ताई" म्हणून येतो.

कायद्याच्या बाजूने तुमची स्थिती चांगली आहे. ब्लू कार्ड म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदाराचा इथे राहण्याचा परवाना, आणि तो असलेल्याच्या जोडीदाराला येण्याआधी जर्मनच्या परीक्षेची अट नाही आणि आल्यापासून नोकरी करायला मोकळीक आहे. अडतं ते भाषेपाशी आणि पदवीपाशी. दंतवैद्य, डॉक्टर, नर्स, फिजिओथेरपिस्ट, शिक्षक या व्यवसायांना सरकारी मान्यता लागते, त्याशिवाय काम करता येत नाही. अभियंते, संगणकवाले, लेखापाल यांना बहुतेक वेळा अशी मान्यता लागत नाही. पदवी इथे कशी धरली जाते ते आनाबीन या सरकारी माहितीकोशात बघता येतं.

डॉक्टर-दंतवैद्यांचा रस्ता लांब आहे: चांगलं जर्मन, वैद्यकीय भाषेची परीक्षा, आणि शिक्षणात तफावत निघाली तर ज्ञानाची परीक्षा. दोन-तीन वर्षं धरून चाला. आमच्या ओळखीतल्या बायकांनी तो पार केला आहे, पण ज्यांनी पहिल्या महिन्यातच भाषेचा वर्ग लावला त्यांनीच. "आधी घर लागू दे, मग बघू" यात वर्षं निघून जातात. फोल्क्सहोखशूलं ही जवळजवळ प्रत्येक गावात असलेली लोकशिक्षण संस्था स्वस्तात वर्ग चालवते. सकाळचा वर्ग घ्या, कारण त्याने दिवसाला सुरुवात मिळते.

आणि नवऱ्यांनो, हे तुमच्यासाठी. घरातली पत्रं, बँक, डॉक्टरांचे फोन सगळं तुम्हीच उरकत असाल तर तुम्ही मदत करत आहात असं तुम्हाला वाटतं. तिच्या हातून मात्र या देशाचे सगळे धागे सुटतात. बँकेचं खातं तिच्याही नावाने उघडा. पत्रपेटीची दुसरी किल्ली तिच्याकडे द्या.

झोप लागत नसेल, नोव्हेंबरात पाचलाच अंधार पडल्यावर रडू आवरत नसेल, तर हाउसआर्त्स्टला तसं सांगा. तो आजारच आहे आणि विम्यात बसतो.

१८. व्हिसा पुढच्या महिन्यात संपतोय, मुदतवाढीचं उत्तर नाही. आणि मुलांना गणपतीला भारतात न्यायचंय.

दोन वेगळ्या अडचणी आहेत. मुदत संपण्याआधी अर्ज पोहोचला असेल तर जुने हक्क निर्णय होईपर्यंत चालू राहतात. त्याचा पुरावा म्हणून फिक्सिऑन्सबेशाइनिगुंग हा कागद मागा. त्यावर कलम ८१ परिच्छेद ४ ची खूण असेल तर बाहेर जाऊन परत येता येतं. परिच्छेद ३ ची असेल तर देश सोडू नका, परत येताना अडकाल. अर्ज केल्याची ईमेल, पोच, सगळं छापून जवळ ठेवा.

शाळेचं म्हणाल, तर इथे शाळा सक्तीची आहे. सुट्टीला जोडून दोन दिवस बुडवले तर दंड होतो, विमानतळावर पोलीस विचारपूस करतात असंही घडतं. गणेश चतुर्थी १४ सप्टेंबर २०२६ ला आहे, आणि आमच्या बाडेन-व्युर्टेमबेर्ग राज्यात नेमकी त्याच सोमवारी शाळा उघडते. धार्मिक सणासाठी एखाद्या दिवसाची रजा मुख्याध्यापकांकडे आधी लेखी मागता येते. लांबच्या प्रवासासाठी ती मिळेल असं धरून तिकिटं काढू नका.

१९. आईबाबांना कायमचं इथे आणता येईल का? आणि आम्हीच परत जायचं ठरवलं तर?

भेटीसाठी १८० दिवसांत ९० दिवस, हा शेंगेनचा नियम. तुम्ही खर्चाची हमी देणारं पत्र परदेशी नागरिक कचेरीतून काढता, फी २९ युरो, आणि मूळ प्रत त्यांच्याकडे पाठवता. निदान ३०,००० युरोंचा प्रवासी आरोग्य विमा लागतो. आधीपासूनचे आजार त्यात बसतात का, हे पॉलिसी घेण्याआधी वाचा.

कायमचं आणणं बहुतेकांना शक्य नव्हतं. आता एक दार उघडलं आहे: ज्यांना ब्लू कार्ड किंवा कुशल कामगाराचा परवाना पहिल्यांदा १ मार्च २०२४ ला किंवा त्यानंतर मिळाला, त्यांना आईवडिलांना आणि इथे राहणाऱ्या जोडीदाराच्या आईवडिलांनाही बोलावता येतं. त्याआधी आलेल्यांना ही सवलत नाही. मलाही नाही, आणि हे मला फार लागतं. ज्यांना आहे, त्यांची खरी कसोटी सत्तरीतल्या माणसाचा आरोग्य विमा मिळवण्यात आहे. आधी विमा कंपनीचं लेखी उत्तर घ्या, मग पुढची स्वप्नं बघा.

परत जायचं ठरलं तर घराची नोटीस तीन महिने आधी, सहीच्या कागदावर द्या. देश सोडायच्या आधीच्या आठवड्यात किंवा नंतर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंद काढून टाका, तिला आबमेल्डुंग म्हणतात. तो दाखला वीज, विमा, रेडिओ शुल्क सगळं बंद करायला लागतो. किल्ल्या देताना प्रत्येक खोलीचे फोटो काढा, मीटरचे आकडे लिहून दोघांच्या सह्या घ्या. डिपॉझिट यायला तीन ते सहा महिने लागतात, म्हणून बँकेचं खाते तोवर बंद करू नका. पोस्टात पत्रं पुढे पाठवण्याचा अर्ज करा आणि इथल्या एखाद्या मैत्रिणीचा पत्ता द्या. तिच्या पेटीवर तुमचंही आडनाव लावायला सांगा.